मनात घर करून राहिलेले आणि घोर निराशा करणारे चित्रपट : आपला अनुभव लिहा

चित्रपटाबद्दल आपण एरवी एका वाक्यात निकाल देऊन मोकळे होतो. येथे मात्र कोणत्या चित्रपटाने आपल्याला भरभरून दिले आणि कोणत्या चित्रपटाने पदरी निराशा टाकली, हे नेमक्या प्रसंगासह लिहावे, अशी विनंती आहे. मत कितीही कडक असले तरी हरकत नाही. ते कशामुळे झाले, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

सुरुवात मीच करतो. २००४ साली ‘श्वास’ पाहायला मी माझ्या आजोबांना घेऊन गेलो होतो. ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी एका मराठी चित्रपटाला सुवर्णकमळ मिळाले, म्हणून त्यांना तो पाहायचाच होता. नातवाचे डोळे कर्करोगामुळे काढावे लागणार हे कळल्यावर चित्रपटातले आजोबा शस्त्रक्रियेच्या आधी त्याला कोणाला न सांगता रुग्णालयाबाहेर नेतात आणि जे जे दाखवता येईल ते दाखवतात. त्या प्रसंगात माझ्या आजोबांनी चष्मा काढून हातात घेतला आणि तो धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. घरी येईपर्यंत त्यांनी शब्द काढला नाही. जेवायला बसल्यावर मात्र म्हणाले, “त्या पोरानं काय काय बघितलं, ते सांग बरं परत.” मी आठवून आठवून एकेक गोष्ट सांगत राहिलो आणि ते ऐकत राहिले. अलीकडे आजारी मुलावरचाच दुसरा एक चित्रपट पाहिला. त्यात प्रत्येक वाक्यामागे व्हायोलिन वाजत होते आणि प्रत्येक पात्र आपले दुःख स्वतःच समजावून सांगत होते. माझ्या वाट्याला करण्यासारखे काही उरलेच नव्हते.

सातारा

मी पंचवीस वर्षे गडकिल्ले हिंडतो आहे, त्यामुळे शिवकाळावरचा चित्रपट आला की पहिल्या आठवड्यात तिकीट काढतो आणि बहुतेक वेळा जड मनाने परततो. मागच्या खेपेस पडद्यावर जो गड दिसला, तो संगणकावर उभा केलेला, गुळगुळीत भिंतींचा आणि राजवाड्यासारख्या झुंबरांचा होता. राजगडाच्या संजीवनी माचीवरची दुहेरी तटबंदी ज्याने पाहिली आहे, दोन भिंतींमधल्या त्या अरुंद वाटेने जो अंग चोरून चालला आहे, त्याला हे सहन होणे कठीण आहे. तो गड कष्टाने आणि डोक्याने बांधला गेला, दिखाव्यासाठी नव्हे. दर दहा मिनिटांनी घोषणा होती, प्रत्येक तलवार संथ गतीने फिरत होती आणि रसद, पाऊस, वाटा, घाटाखालची माणसे यांचा पत्ताच नव्हता. महाराजांबद्दलच्या आपल्या प्रेमावर विसंबून चित्रपट काढायचा आणि अभ्यास मात्र करायचा नाही, ही वृत्ती मला मनापासून खटकते.

उलट अनुभव ‘संत तुकाराम’ने दिला. १९३६ सालचा प्रभातचा हा चित्रपट मी पुण्यात मोठ्या पडद्यावर पाहिला, तेव्हा प्रत जुनी होती आणि आवाज मधूनमधून खरखरत होता. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा शांत आहेत, हे सगळे सांगतात. पण मला हलवून सोडले ते गौरी यांनी केलेल्या तुकोबांच्या बायकोने, जिजाईने. आजारी पोराला घेऊन ती देवळात शिरते आणि पायातली वहाण उपसून थेट पांडुरंगाला जाब विचारते. घरात दाणा नसलेल्या बाईचा देवाशी असा व्यवहार दाखवायला केवढे धैर्य लागले असेल! तो संसार खरा वाटतो, म्हणूनच त्यातले चमत्कारही मी मुकाट्याने मान्य केले.

एका तालुक्याच्या न्यायालयात वकिली करणारा

वकिलांवरचे चित्रपट मला बघवत नाहीत. आरोळ्या ठोकणारे वकील, हातोडा आपटणारे न्यायाधीश आणि ऐनवेळी दारातून धावत येणारा साक्षीदार, यांतले काहीही मी इतक्या वर्षांत पाहिलेले नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१५ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा मध्यंतरात माझ्या पुढची अख्खी रांग उठून गेली, आणि मी मात्र खुर्चीच्या काठावर बसलो होतो. न्यायाधीश साक्षीतले वाक्य आपल्या शब्दांत लेखनिकाला सांगतात आणि माणसाचे बोलणे त्या एका क्षणात कागद होऊन जाते. हे मी रोज पाहतो; पडद्यावर मात्र ते त्याआधी कधीही पाहिले नव्हते.

गटारात उतरणाऱ्या कामगाराने नारायण कांबळे या लोकशाहिराचे गाणे ऐकून आत्महत्या केली, असा त्या खटल्यातला आरोप आहे. या आरोपावर चित्रपट एकदाही आवाज चढवत नाही. सरकारी वकीलबाई न्यायालयातून निघून मुलाला घेतात, घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. त्या दुष्ट नाहीत, आणि हेच जास्त भयंकर आहे. शेवटाकडे न्यायालयाच्या दालनातले दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. सुट्टी लागण्याच्या दिवशी आमचा शिपाई असेच दिवे मालवतो आणि ज्यांचा जामीन राहून गेला ते आत राहतात. त्या अंधारात मला माझे दोन अशील आठवले. ‘चित्रपट फार संथ आहे’ ही तक्रार मला मान्य नाही. न्याय मिळायला लागणारा वेळ त्याने थोडासा सोसायला लावला, एवढेच.

करमाळा

‘सैराट’बद्दल आमच्याकडच्या माणसाने लिहायचे म्हणजे गावाबद्दलच लिहिणे झाले. २०१६ च्या त्या उन्हाळ्यात आम्ही बायका टेम्पो करून चित्रपटाला गेलो. ‘झिंगाट’ला माझी जाऊबाई खुर्चीवर उभी राहून नाचली. शेवटी लहानग्याची रक्ताने माखलेली पावले उमटत गेली, तेव्हा संगीत थांबलेले होते आणि दारे उघडली तरी कोणी उठेना. परतीच्या वाटेवर टेम्पोत एकही बाई बोलली नाही. आमच्यातल्या दोघींच्या माहेरी जे घडले होते, ते सगळ्यांना ठाऊक होते.

म्हणूनच ‘सैराट’वरून हिंदीत काढलेल्या २०१८ सालच्या ‘धडक’ने माझी जी निराशा केली, तिला तोड नाही. उदयपूरचे महाल सुंदर दिसतात, यात शंका नाही. पण वर्गात शिक्षकाच्या कानशिलात लगावणारा पाटलाचा मुलगा प्रिन्स कोणाच्या जिवावर माजला आहे, हे मूळ चित्रपटात शेंबड्या पोरालाही कळते. हिंदीत जात तोंडी लावण्यापुरती उरली आणि गोष्ट एका बड्या घराण्याच्या अब्रूची झाली. हैदराबादच्या झोपडपट्टीत पाटलाची आर्ची नाक दाबून शौचालयाकडे जाते, तिथे तिचा सगळा थाट उतरतो आणि तिथूनच ती संसार उभा करते. असे काही ‘धडक’मधल्या कोलकात्यात घडले नाही. गोष्ट तीच ठेवून तिचा कणा काढून घेता येतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

डोंबिवली

माझा अनुभव थोडा निराळा आहे, कारण एकच चित्रपट मला आधी निराश करून गेला आणि नंतर सर्वांत जवळचा झाला. ‘द डिसायपल’ २०२१ मध्ये घरीच पाहिला, तेव्हा मी सोळा वर्षे गाणे शिकत होते. त्यातला शास्त्रीय गायक होऊ पाहणारा शरद नेरुळकर अखेरीस एक मैफल जिंकेल, या आशेवर मी शेवटपर्यंत बसले आणि तसे न झाल्यामुळे चिडून उठले. कलेवर निष्ठा असलेल्या माणसाला इतके कोरडे का वागवावे, असे मी तेव्हा कित्येकांना बोलूनही दाखवले.

दोन वर्षांनी माझा पहाटेचा रियाज थांबला. कोणी थांबवला नाही, तो आपोआप उशिरा होत गेला आणि मग उरलाच नाही. तंबोऱ्याला गवसणी घालून तो कपाटावर ठेवला, त्या आठवड्यात मी चित्रपट पुन्हा लावला. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर शरद दुचाकीवरून संथपणे जात असतो आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचा ध्वनिमुद्रित आवाज, सुमित्रा भावे यांचा, साधनेच्या अटी सांगत असतो. पहिल्या वेळी मला ती दृश्ये लांबलेली वाटली होती. या वेळी तो आवाज मलाच उद्देशून होता. शेवटी लोकल गाडीच्या डब्यात एक जण गात येतो आणि शरद बायको-मुलीसोबत बसलेला असतो. मी तेवढा भाग तीनदा मागे नेऊन पाहिला. रोज सकाळी ८.१२ च्या लोकलने जाताना डब्यात कोणी गात आले, तर आता मी कानातले इअरफोन काढून ठेवते.