विज्ञानाच्या वर्गापर्यंत पोहोचताना : आपले अनुभव

विज्ञान शिकण्याची इच्छा असूनही भाषा, अंतर किंवा पैसा आड आल्याचे ज्यांनी स्वतः अनुभवले आहे, त्यांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

दहावीपर्यंत मी बीड जिल्ह्यात मराठी माध्यमातून शिकले आणि विज्ञान हा माझा सर्वांत आवडता विषय होता. अकरावीला सरांनी ‘मोमेंटम’ शिकवायला घेतले, तेव्हा तो माझ्या ओळखीचा ‘संवेग’च आहे हे मला कित्येक दिवस उमगले नाही. त्वरण, जडत्व, अपवर्तन, क्षपण असे नीट समजलेले सगळे शब्द एकाएकी निरुपयोगी झाले, आणि शंका विचारायची तर आधी इंग्रजी वाक्य जुळवावे लागे, म्हणून मी शंका विचारणेच सोडून दिले. माझ्याबरोबरच्या तिघी मैत्रिणींनी दिवाळीपूर्वीच कला शाखा घेतली. त्या माझ्यापेक्षा हुशार होत्या, हे मी आजही खात्रीने सांगते. शेजारच्या ताईने डावीकडे मराठी व उजवीकडे इंग्रजी शब्द लिहिलेली आपली जुनी वही मला दिली, म्हणून मी टिकले. २०२१ पासून जेईई मेन ही अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते, याचे मला मनापासून समाधान आहे. परंतु दोन वर्षे इंग्रजी पुस्तकांतून शिकलेल्या मुलाला केवळ प्रश्नपत्रिका मराठीत मिळून फारसे साधत नाही.

– – –

ताई, आपण लिहिलेला अडसर आमच्याकडे पहिलीपासूनच असतो. नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव तालुक्यातील आश्रमशाळेत मी विज्ञान शिकवतो. मुलांच्या घरी पावरी बोलतात, त्यामुळे मराठी पुस्तकही त्यांना परकेच वाटते. मी रुजू झालो तेव्हा काचेचे सामान फुटले तर भरपाई कोणी करायची, या भीतीने प्रयोगशाळेचे कपाट कुलूपबंद असे. मग आठवडे बाजारातून खायचा चुना आणला, तो रात्रभर पाण्यात ठेवला आणि सकाळी वरची निवळी पेल्यांत ओतून मुलांना पपईच्या देठाच्या नळीने तीत फुंकायला लावले. निवळी दुधाळ झाली तेव्हा वर्गात कधीही न बोलणारी एक मुलगी पावरीत भराभर काही सांगू लागली. ते मला कळले नाही, म्हणून दुसऱ्या मुलाने मराठीत सांगितले : चुलीच्या धुरानेही असेच होईल का, असे ती विचारत होती. त्यानंतर मी मुलांना आधी त्यांच्या भाषेत बोलू देतो आणि निवळी दुधाळ करणाऱ्या, श्वासातल्या वायूचे ‘कार्बन डायऑक्साइड’ हे नाव सर्वांत शेवटी फळ्यावर लिहितो.

– – –

माझी अडचण साधी होती. मुलींसाठीच्या अहिल्याबाई होळकर योजनेमुळे एसटीचा पास मोफत होता. मात्र रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक साडेपाचला संपे आणि गावाची शेवटची गाडी सव्वापाचची होती. पूर्ण वर्षभर मी प्रात्यक्षिक अर्धवट टाकून निघाले आणि निरीक्षणे मैत्रिणीच्या वहीतून उतरवली. पुढच्या वर्षी मॅडमनी आमची तुकडी सकाळी घेतली, तेव्हा मी प्रथमच अनुमापन (टायट्रेशन) शेवटच्या थेंबापर्यंत स्वतः केले.