संमतीने घटस्फोट: दोघांच्या नावावरचं कर्ज, दागिने आणि मुलाची पोटगी – सल्ला हवा

अबोली:
नमस्कार. मी माहेरी पावसजवळ राहते, मुलगा पहिलीत, इथल्याच शाळेत. नवरा डोंबिवलीला. लग्न रत्नागिरीत लागलं होतं. वेगळं राहून वर्ष उलटलं, घटस्फोटाला दोघंही तयार आहोत. अर्ज रत्नागिरीत चालेल की कल्याणला फेऱ्या? डोंबिवलीचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे आणि कर्ज बरंच बाकी आहे, त्याचं काय करायचं? पोटगी एकरकमी घ्यावी की महिन्याला? वकिलासाठी माझ्याकडे जास्तीत जास्त 25 हजार आहेत. पतसंस्थेत नोकरी, रजा फारशी मिळत नाही.

काजूगर:
वकील मुंबईचाच करा. माझ्या बहिणीच्या वकिलांनी दीड लाख घेतले, पण करारनाम्यातला शब्द न् शब्द पारखून लिहिला. रत्नागिरीत केलंत तर संध्याकाळपर्यंत मारुती मंदिरला चर्चा.

खाडीपलीकडे:
त्यांनी 25 हजार लिहिलेत. लग्न रत्नागिरीत लागलं, तेव्हा हिंदू विवाह कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अर्ज रत्नागिरीतच करता येतो. संमतीचा अर्ज कलम 13-बचा, तो दोनदा करावा लागतो. पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात सहा महिन्यांचं अंतर असतं, पण 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर योग्य प्रकरणात ते माफ होऊ शकतं.

दर्यावर्दी:
सासऱ्यांची आंब्याची कलमं आहेत का? सातबारा काढा आणि अर्धा हिस्सा मागा. नंतर कोणी विचारत नाही.

वायंगण:
चुकीची आशा लावू नका. घटस्फोट झाला म्हणून नवऱ्याच्या वडिलोपार्जित जमिनीत बायकोला हिस्सा मिळत नाही. मुलाचा हक्क मात्र जन्माने आहे, तो आईबापांच्या घटस्फोटाने जात नाही. करारनाम्यात "मुलाचाही काही हक्क राहिला नाही" अशी ओळ कोणी घुसवली तर सही करू नका.

दर्यावर्दी:
हक्क कागदावर असतो. आमचा वाटपाचा दावा आजोबांच्या वेळचा आहे, सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं मावत नाहीत आणि आंबा दरवर्षी दुसराच काढतो.

सुरंगी:
बागेचं बाजूला ठेवा, फ्लॅटचं वाचा. माझ्या घटस्फोटाच्या कोर्टाच्या हुकूमनाम्यात "कर्ज पतीने फेडावे" असं स्पष्ट होतं. त्याने हप्ते थकवले आणि बँकेची नोटीस मला आली. बँक दाव्यात पक्षकार नव्हती, त्यामुळे तिच्या लेखी मी सहकर्जदारच. सिबिल खाली गेलं आणि पुढे घराच्या दुरुस्तीला मला कुठेच कर्ज मिळेना. बँकेकडून स्वतःचं नाव कर्जातून कमी झाल्याचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय दुसऱ्या अर्जावर सही करू नका.

काजूगर:
म्हणूनच म्हणतो, चांगला वकील हवा. बहिणीच्या करारात हे सगळं होतं.

वायंगण:
सुरंगीताईंना शंभर टक्के अनुमोदन. आणखी एक. राहतं घर नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला बक्षीसपत्राने दिलं, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये, वर स्थानिक अधिभार. हुकूमनामा झाल्यावर ते नातंच उरत नाही, सवलतही जाते. म्हणजे नावबदल करायचा तर आधी. कर्ज चालू असेल तर बँकेची संमती लागेल.

चिपळूणची ताई:
अगो बायो, 25 हजारही घालवू नकोस. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. माझ्या भाचीला मिळाला. दागिन्यांची यादी आणि फोटो आजच काढून ठेव. स्त्रीधन तुझंच, ते पोटगीत वळतं करू देऊ नकोस.

काजूगर:
फुकटचा वकील तारखेला तरी येतो का?

चिपळूणची ताई:
भाचीचा प्रत्येक तारखेला आला. दीड लाखवाल्यांनी बहिणीचं काम ज्युनिअरवर सोडलं नव्हतं ना, तेही सांगा.

खाडीपलीकडे:
पोटगी एकरकमीच घ्या. महिन्याची थकली की वसुलीचा अर्ज, पुन्हा तारखा. आणि हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून रक्कम दुसऱ्या अर्जाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने.

सुरंगी:
एकरकमीच. फ्लॅट मात्र सोडू नका, डोंबिवलीत पुन्हा घेणं होणार नाही.

दर्यावर्दी:
फ्लॅट ठेवा, भाड्याने द्या.

अबोली:
सगळ्यांचे मनापासून आभार. विधी सेवाच्या कार्यालयात जाऊन आले. वकीलबाई मिळाल्या, बोलणं नीट झालं. फ्लॅट मी ठेवत नाही. तो विकून कर्ज पूर्ण फेडायचं, उरलेले पैसे निम्मे, आणि बँकेचा बेबाकी दाखला आल्यावरच दुसरा अर्ज, असं ठरलं. माझ्या पगारात तो हप्ता बसत नाही आणि भाडेकरू सांभाळायला मी डोंबिवलीला जाणार नाही. स्वतःसाठी एकरकमी काही मागत नाही. मुलाची पोटगी महिन्याला, त्याच्या वडिलांच्या पगारातून थेट खात्यात, दरवर्षी वाढीसह. तो मोठा होईल तसा खर्च वाढणार, आज एक आकडा घेऊन मी मोकळी होऊ शकत नाही. दागिन्यांची यादी वकीलबाईंकडे दिली.

दर्यावर्दी:
फ्लॅट विकू नका, अजून विचार करा.

काजूगर:
विकायचाच तर दलाल आमच्या ओळखीचा आहे, नंबर हवा असेल तर सांगा.