थायलंडमध्ये वयस्कर व्यक्तीने पारंपरिक थाई मसाज घेणे कितपत सुरक्षित आहे?

सहलवेडी:
नमस्कार. येत्या हिवाळ्यात आम्ही बँकॉक आणि चिआंग माई येथे जाणार आहोत आणि सासूबाई सोबत असतील. त्यांचे वय ६८ आहे. त्यांना मधुमेह आहे, रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे आणि हाडे ठिसूळ होऊ लागल्याचे मागच्या तपासणीत आढळले आहे. असे असूनही थायलंडला जाऊन पारंपरिक मसाज न घेता परतायचे नाही, असे त्यांनी ठरवून टाकले आहे. मी पाहिलेल्या चित्रफितींमध्ये मसाज करणारी बाई गिऱ्हाइकाच्या पाठीवर गुडघे रोवते आणि मान कडकन वळवते, ते पाहून मला काळजी वाटू लागली. दुकान योग्य आहे हे कसे ओळखावे, त्यांच्या प्रकृतीत कोणते प्रकार टाळावेत आणि भाषा येत नसताना हे समोरच्या व्यक्तीला कसे सांगावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सुखुमवितकर:
मी बँकॉकमध्ये राहतो, त्यामुळे दुकानाबद्दल सांगू शकेन. मसाज आणि स्पा चालवणाऱ्या आस्थापनांसाठी थायलंडमध्ये २०१६ सालचा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार दुकानाला परवाना घ्यावा लागतो आणि तेथे काम करणाऱ्या थेरपिस्टची सरकारदरबारी नोंदणी असावी लागते. परवाना दर्शनी भागात लावलेला असतो. तो दिसत नसेल तर विचारावे, आणि विचारल्यावर टाळाटाळ झाली तर सरळ पुढच्या दुकानात जावे, कारण तेथे दुकानांची वाण नाही.

पारंपरिक मसाज जमिनीवरच्या गादीवर आणि अंगात सैल कपडे असताना होतो. सुती सदरा आणि विजार बहुधा दुकानच देते. तेल वापरले जात नाही. अंगठे, तळवे, कोपरे, गुडघे आणि पाय यांनी दाब देत शरीर ताणले जाते. त्यामुळे पारंपरिक मसाज मागितल्यावर कोणी कपडे उतरवायला सांगितले, तर आपण मागितलेली गोष्ट मिळत नाही हे तेव्हाच ओळखावे. आंघोळ, वाफ आणि मसाज अशी पाटी असलेल्या जागा १९६६ च्या करमणूकस्थळांच्या कायद्याखाली येतात. त्यांचा व्यवसाय निराळा आहे आणि कुटुंबाने तिकडे फिरकण्याचे कारण नाही.

सासूबाईंसाठी वाट फो मंदिराच्या आवारातील मसाजगृह सुचवेन. तेथील पारंपरिक वैद्यकाची शाळा १९५५ पासून चालू आहे. मोठ्या दालनात अनेक गाद्या शेजारी शेजारी मांडलेल्या असल्याने सुनेला जवळच बसून लक्ष ठेवता येईल. (शरीरातील ‘सेन’ नावाच्या रेषा दाखवणारे एकोणिसाव्या शतकातील शिलालेख त्याच मंदिरात आहेत. मसाज घेणार नसाल तरी ते अवश्य पाहावेत.) चिआंग माईमध्ये महिला कारागृहाच्या प्रशिक्षण केंद्रात शिकलेल्या स्त्रिया मसाज करतात, तोही पर्याय चांगला आहे. एवढी काळजी घेतली की फारशी चिंता उरत नाही, असे माझे मत आहे.

मणक्यांचा_मित्र:
सुखुमवितकरांची माहिती उपयुक्त आहे, परंतु शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. परवान्यावरून दुकान कायदेशीर आहे एवढेच कळते. गादीवर झोपलेल्या बाईंची हाडे कशी आहेत आणि त्या कोणती गोळी घेतात, हे त्या भिंतीवरच्या कागदाला ठाऊक नसते. या प्रकरणात दुकानापेक्षा प्रकृतीचा प्रश्न मोठा आहे.

पहिली गोष्ट मानेची. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्या असतात आणि झटक्याने मान वळवल्यास त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते. असे क्वचित घडते, पण घडल्यास त्यातून पक्षाघात होऊ शकतो, आणि लक्षणे कधी काही तासांनी, तर कधी काही दिवसांनी दिसतात. म्हणून मान मोडून घेणे कोणत्याही वयात टाळावे, असे मी तरुण रुग्णांनाही सांगतो. मसाजनंतर मानेत किंवा डोक्याच्या एका बाजूला पूर्वी कधी न झालेली तीव्र वेदना, तोल जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा बोबडी वळणे असे काही झाले, तर हॉटेलवर जाऊन पडून न राहता १६६९ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

दुसरी गोष्ट हाडांची. पालथे झोपवून दोन्ही हात मागे खेचत छाती वर उचलणे, पाठीवर उभे राहणे, बरगड्यांवर गुडघा टेकवणे हे प्रकार निरोगी माणसाला सुखावतात, पण ठिसूळ हाडांत त्यांनी बरगडी मोडू शकते किंवा मणका दबू शकतो. त्यातच रक्त पातळ असल्यामुळे खोल दाबाने मोठे काळेनिळे डाग पडतात आणि स्नायूंच्या आतही रक्तस्राव होऊ शकतो. काही थेरपिस्ट जांघेतील रोहिणी तळव्याने काही क्षण दाबून धरतात व मग सोडतात. परंपरेत या क्रियेला मान आहे, तरी तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत तिला ठाम नकार द्यावा. प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, दुखू लागली किंवा गरम लागली, तर मसाजचा बेत रद्द करून आधी डॉक्टरांना दाखवावे. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असल्यास ती दाबाने सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

गोळी ज्या कारणासाठी चालू आहे त्यावर बरेच अवलंबून आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी ती देणाऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. मसाजसाठी ती परस्पर बंद करू नका. त्यांनी होकार दिला, तर पाठ आणि खांद्यांवर तळव्यांनी हलका दाब, एवढ्यावरच समाधान मानावे.

रानवाट:
भाषेबद्दल थोडे लिहिते. ‘बाव बाव’ म्हणजे हलक्या हाताने आणि ‘जेप’ म्हणजे दुखते, एवढे दोन शब्द बहुतेक ठिकाणी पुरतात. मात्र आजारांची माहिती ऐन वेळी हातवाऱ्यांनी सांगण्याच्या भरीस पडू नये. हॉटेलच्या स्वागतकक्षातून थाई लिपीत एक चिठ्ठी लिहून घ्यावी. वय, मधुमेह, रक्त पातळ करणारे औषध, ठिसूळ हाडे आणि ‘मान वळवू नये, पाठीवर चढू नये’ एवढा मजकूर तीत असावा, आणि पैसे देण्यापूर्वीच ती दाखवावी. चिठ्ठी वाचून एखाद्या दुकानाने नम्रपणे नकार दिला, तर त्याचा राग मानू नये, कारण ते दुकान जबाबदारीने वागत आहे.

आपल्या लोकांना भिडस्तपणा नडतो, हे मात्र खरे. समोरची बाई एवढी मेहनत घेते आहे तर तिला मध्येच कसे थांबवायचे, असे वाटून बायका दात आवळून सहन करतात. दुखले की तेव्हाच सांगायचे, हे सासूबाईंकडून आधीच कबूल करून घ्या. फसवणूक किंवा गैरवर्तन झाल्यास पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे.

सहलवेडी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सासूबाईंना हे सर्व वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी लगेच तडजोड सुचवली की पूर्ण मसाज राहू दे, फक्त पायांचा करून घेऊ. खुर्चीत बसून होणारा तो प्रकार तरी निर्धोक असतो का?

मणक्यांचा_मित्र:
तुलनेने सौम्य असतो, पण मधुमेहात पायांचीच काळजी अधिक घ्यावी लागते. तळव्यांची संवेदना कमी झाली असेल, तर दाब जास्त होतो आहे हे त्यांना कळणारच नाही आणि थेरपिस्टलाही त्या सांगू शकणार नाहीत. डॉक्टरांकडे जाल तेव्हा पायांची संवेदनाही तपासून घ्या. तळवे टोचण्यासाठी लाकडी काडी वापरतात, तिला नकार द्यावा. वनौषधींची गरम पुरचुंडी शेकायला आणली तर तीही नको, कारण चटका बसलेला लक्षात येत नाही. पाय धुण्याचे पाणी कोमट आहे ना, हे तुम्ही स्वतः हात घालून पाहा. बोटांच्या बेचक्यात चीर, फोड किंवा जखम असेल तर त्या दिवशी पायांना हात लावू देऊ नका. परत आल्यावर दोन्ही तळवे उजेडात नीट तपासा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा पाहा.