घरातले चार नंबर, अण्णांना नवा फोन आणि हाताशी थोडे पैसे – मदत हवी आहे

तावरजा:

नमस्कार मंडळी. मी लातूरला एका पतसंस्थेत कामाला आहे. धाकटा भाऊ नीटची तयारी करतोय, तो माझ्याच खोलीवर असतो. आई-अण्णा गावाकडं, औसा तालुक्यात. माणसं चार, नंबर चार आणि रिचार्ज चारही माझ्याच खिशातून. यंदा सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन पाण्यात गेलं, त्यामुळं घरातला एकेक खर्च तपासायला बसले आणि रिचार्जपाशी येऊन अडकले. २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. चार नंबरांचे बावन्न. पगार महिन्याचा आणि कंपनीचा महिना चार आठवड्यांचा!

आता एकेकाचं सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल.

आईचा फोन साधा, बटणांचा, टू-जी. तिला मावशीशी बोलायचं असतं, बाकी काही नको. पण आधारला तिचाच नंबर जोडलेला आहे, लाडकी बहीणच्या ई-केवायसीचा ओटीपी त्यावरच येतो, त्यामुळं तो नंबर बंद पडून अजिबात चालणार नाही. तिला मी दर खेपेला १९९ चा मारते. त्यातला २ जीबी डेटा त्या फोनवर कधी उघडतसुद्धा नाही. माझं ऑफिसात वायफायवर भागतं. भावाला क्लासचे व्हिडिओ आणि टेस्ट यांना डेटा लागतोच, तिथं काटकसर नको.

अण्णांचा प्रश्न खरा. त्यांच्या फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलंय, ते त्यांनी रबर लावून धरून ठेवलंय. ई-पीक पाहणीला रानात उभं राहून फोटो काढायला गेले की ॲप गोल गोल फिरत राहतं आणि शेवटी फोनच बंद पडतो. मग शेजारच्या पोराच्या हातापाया पडायचं. त्यांना मोठी अक्षरं, खणखणीत आवाज, दिवसभर टिकणारी बॅटरी आणि बाजारभाव, व्हॉट्सॲप, हरिपाठ एवढंच पाहिजे.

वर रेंजचं दुखणं आहेच. आमचं घर अजून माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं आहे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या पट्ट्यातली बरीच माळवदं गेली, आमचं राहिलं. दगड-मातीच्या त्या जाड भिंतींच्या आत सध्याच्या कंपनीची रेंज येतच नाही. अण्णा फोन आला की जिन्यानं वर चढतात आणि धाब्यावर उभं राहून बोलतात. पावसाळ्यात पाय घसरायची मला भीती वाटते. त्यामुळं नंबर पोर्ट करावा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलावी असं डोक्यात आहे, पण कोणत्या कंपनीत ते ठरेना.

नव्या फोनसाठी लातूरच्या एका दुकानात विचारलं. त्यानं चिठ्ठीवर लिहून दिलं: फोन १४,९९९, आता २,९९९ भरा, बाकी १,५०० चे आठ हप्ते, "झिरो कॉस्ट, ताई, एक रुपया व्याज नाही". चिठ्ठी उलटी केली तर मागं बारीक अक्षरात फाईल चार्ज ७९९ आणि प्रोटेक्शन ९९९. "जीएसटी कमी झाल्यामुळं हा भाव बसतोय, पुढच्या आठवड्यात राहणार नाही" असंही वर ऐकवलं. तोच फोन ऑनलाईन १३,४९९ ला दिसतोय, पण एकरकमी. क्रेडिट कार्ड माझ्याकडं नाही. दुकानदार हप्त्याची फाईल अण्णांच्या नावानं करू म्हणतोय, कारण त्यांच्या नावावर सातबारा आहे.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. आईचा नंबर स्वस्तात चालू कसा ठेवायचा, पोर्ट करताना काय सांभाळायचं, आणि फोन हप्त्यानं घ्यावा की दम धरून रोख? अनुभवाचं सांगा.

———

सिमवाला:

ताई, माझं परभणीला रिचार्जचंच दुकान आहे, म्हणून आईंच्या नंबरचं मी सांगतो. फक्त बोलायचा आणि एसएमएसचा प्लॅन मागा, डेटा नसलेला. ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना असे प्लॅन ठेवायला भाग पाडलं आणि त्यांची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवायची मुभा दिली. जानेवारी २०२५ मध्ये ते बाजारात आले. एअरटेलचा वर्षाचा १,८४९ ला, जिओचा ८४ दिवसांचा ४४८ ला. तुमचे १९९ गुणिले तेरा म्हणजे २,५८७ होतात, वर्षाच्या प्लॅननं सातशे-आठशे वाचले. भाव मागंपुढं होतात, भरायच्या दिवशी ॲपमध्ये बघून घ्या. वरच्या यादीत दिसणार नाही, खाली सरकत जावं लागतं. गिऱ्हाईकानं नाव काढल्याशिवाय ह्या प्लॅनबद्दल कोणी बोलत नाही, हे मी दुकानदार असून सांगतो.

आईंचा फोन टू-जी असेल तर त्यात जिओचं सिम चालणार नाही. जिओला टू-जी, थ्री-जी नाहीच, कॉलसुद्धा फोर-जीवरून जातो. लोक सिम घेऊन येतात, फोनमध्ये टाकतात आणि आमच्यावर ओरडतात.

तेरा रिचार्जचा वैताग खरा आहे. २०२२ पासून प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा प्लॅन ठेवावा लागतो. पगाराच्या तारखेला जुळवून तो घेता येईल.

———

मांजराकाठ:

आमचंही माळवद आहे, केज तालुक्यात, त्यामुळं दुखणं कळलं. कोणती कंपनी चांगली हे इथं विचारू नका, कारण माझ्या गावची चांगली कंपनी तुमच्या गावात कुचकामी असू शकते. ट्रायच्या नियमामुळं कंपन्यांना आपले रेंजचे नकाशे वेबसाईटवर टाकावे लागलेत, ते बघा, पण नकाशाला भिंतीची जाडी माहीत नसते. गावातल्या वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम असलेले दोन-तीन जण घरी चहाला बोलवा आणि मधल्या खोलीत बसवून फोन लावायला सांगा. संध्याकाळी आठच्या सुमाराला लावा, कारण तेव्हा सगळं गाव व्हिडिओ बघत असतं.

आणि लाईट गेल्यावर परत लावून बघा. ह्याला मी सगळ्यात जास्त मार्क देतो. आमच्याकडं एका कंपनीच्या टॉवरवर पाच काड्या दिसतात, पण लाईट गेली की थोड्या वेळात सगळ्या गायब. दुसरीच्या दोनच काड्या असतात, पण रात्रभर टिकतात. आम्ही दोनवालीत गेलो. बीएसएनएलचा टॉवर गावात असेल तर तेही तपासा, त्यांचं स्वदेशी फोर-जी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालंय. कुठं झकास चालतं, कुठं नुसतं नाव.

पोर्टचं असं आहे. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले पाहिजेत. इंग्रजीत पोर्ट लिहून, मोकळी जागा सोडून, आपला नंबर टाकून १९०० ला एसएमएस करायचा. कोड येतो, तो आपल्याकडं चार दिवस चालतो. मराठवाडा महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्येच येतो, त्यामुळं त्याच सर्कलमध्ये तीन कामाच्या दिवसांत व्हायला पाहिजे. जुन्या कंपनीतला उरलेला रिचार्ज आणि बॅलन्स बुडतो, म्हणून मुदत संपत आली की कोड काढा. आणि आधी सिम बदलून मग पोर्ट करायला जाऊ नका. जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्ट होत नाही. आईंच्या नंबरला तर ई-केवायसी पूर्ण होईपर्यंत हातच लावू नका.

———

हिशोबनीस:

बाकीच्यांनी चांगलं सांगितलंय, मी पैशाचं बोलतो.

दुकानदाराची चिठ्ठी मांडून बघा: २,९९९ अधिक १२,००० अधिक ७९९ अधिक ९९९, झाले १६,७९७. ऑनलाईन १३,४९९. फरक ३,२९८. व्याज नाही म्हणणाऱ्यांनी ते फोनच्या किमतीत आणि चार्जमध्ये मुरवलंय. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच म्हणलंय की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. आणि ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाला एक मुख्य माहितीपत्रक द्यावंच लागतं, त्यात सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. सहीआधी ते मागा आणि समोरच्याचा चेहरा बघा. प्रोटेक्शन नको म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. ते कर्जाचा भाग नसतं, चिकटवलेलं असतं.

जीएसटीची थाप आहे. मोबाईलवर एप्रिल २०२० पासून १८ टक्के आहे आणि २२ सप्टेंबर २०२५ च्या कपातीत तो जसाच्या तसा राहिला.

अण्णांच्या नावानं फाईल करू नका, हे मात्र हात जोडून सांगतो. शेतकऱ्याच्या खात्यात पैसे कधी असतात, कधी नसतात. एक हप्ता बाऊन्स झाला की सिबिलला नोंद होते आणि पुढं पीककर्जाला बँकेत गेलं की दीड हजाराच्या हप्त्यासाठी मान खाली घालावी लागते. घ्यायचंच तर तुमच्या पगाराच्या खात्यावर घ्या.

रबर लावलेला तो फोन चार्जिंगला लावून झोपू देऊ नका. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. नवा यायचा तेव्हा येईल, हा आधी बंद करा.

———

तावरजा:

सगळ्यांचे मनापासून आभार. आजच अण्णांना फोन करून तो मोबाईल बंद ठेवायला सांगितलाय. सध्या आईच्या फोनवर दोघांचं चाललंय, आणि आई म्हणते आता मावशीशी दोन शब्द नीट बोलायची सोय राहिली नाही. डेटा नसलेल्या प्लॅनचं मला माहीतच नव्हतं, तिची मुदत संपली की तोच मारणार.

हप्ता रद्द. पतसंस्थेत माझी आवर्तक ठेव आहे, ती जानेवारीत निघतेय. त्यात ऑनलाईनवाला बसतो. पण भाऊ म्हणतोय एवढं थांबायचं कशाला, इथल्या गंजगोलाईच्या बाजारात जुना चांगला फोन सात-आठ हजाराला मिळतो. मला जुन्याची धास्ती वाटते. कोणी घेतलाय का? आणि अण्णांना फाईव्ह-जी लागतं का?

———

सिमवाला:

घेता येतो, पण दुकानातच तपासून. फोनवर *#०६# लावला की पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक दिसतो. इंग्रजीत केवायएम लिहून, मोकळी जागा सोडून तो आकडा १४४२२ वर एसएमएस करा, किंवा सरकारच्या संचार साथी ॲपमध्ये टाका. चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला असेल तर तिथंच कळतं. बिल नाही, नुसता खोका आहे म्हणला की उठून चालू लागायचं. तरी वडलांसाठी मी जुना घेणार नाही, कारण तुमची अडचण बॅटरीची आहे आणि जुन्या फोनची बॅटरीच आधी गेलेली असते.

फाईव्ह-जीचं म्हणाल तर एअरटेल-जिओवर अमर्याद फाईव्ह-जी रोजच्या २ जीबीच्या किंवा त्यावरच्या प्लॅनवरच मिळतं. अण्णा तेवढा मारणार नाहीत. त्यापेक्षा १२८ जीबी जागा, ५,००० एमएएचची बॅटरी आणि सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. सॅमसंगच्या ए-१६ फाईव्ह-जीला सहा वर्षांचे सांगितलेत, तसं काही बजेटात बसलं तर फोन लवकर बदलावा लागणार नाही. दोन सिमचा घ्या. आहे तो नंबर आहे तिथं राहू द्या आणि मांजराकाठ म्हणतात तसं तपासून दुसऱ्या कंपनीचं एक सिम टाका. पोर्ट करायची गरजच पडणार नाही कदाचित.

———

मांजराकाठ:

सिमवाल्यांना एक जोड. गावात केबलवाल्याचं वायफाय आलं असेल आणि कोणाशी अर्ध्यात जमत असेल, तर नव्या फोनात वायफाय कॉलिंग चालू करा. मग माळवदाच्या आत बसूनही कॉल लागतो, रेंज असो नसो. आमच्याकडं शेजारी आणि आम्ही मिळून घेतलंय, राउटर मधल्या खिडकीत आहे. लाईट गेली की मात्र तेही जातं, त्यासाठी राउटरला छोटा यूपीएस लावलाय.