हट्टी स्क्रू, जुने कार्ब्युरेटर : तुमचे अनुभव सांगा

भाट्याची खाडी
चतुर्थीला आठवडा राहिलाय. साफसफाईत पडवीच्या कोपऱ्यातली ताडपत्री ओढली आणि बाबांची आरएक्स १०० मोटारसायकल उघडी पडली. सात पावसाळे तशीच उभी होती. टाकीचं झाकण फिरवलं, आंबलेल्या पेट्रोलचा व्हार्निशसारखा वास आला आणि मला एकदम दहावीची सुट्टी आठवली. बाबा रविवारी ओटीवर गोणपाट अंथरून कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, सोडवायचे. माझं काम परात धरायचं. प्रत्येक जेट, प्रत्येक स्प्रिंग परातीत पडलेली दिसली पाहिजे. एअर स्क्रू काढण्याआधी तो आत किती फेरे बसतो ते मी मोजून खडूने पायरीवर लिहायचं. जोडताना तो आकडा मलाच विचारायचे.

आज तीच परात घेऊन बसलो. मिकुनीचा कार्ब्युरेटर, खालच्या वाटीला चार स्क्रू. तीन तासांत दोन निघाले. तिसऱ्याची फुली गोल झाली, चौथा जागचा हलत नाही. वाटीच्या कडेने पांढरी पूड आलीय. बाबा म्हणायचे ही पूड गाडीची नाही, समुद्राची. स्क्रू लोखंडाचा, अंग जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, मध्ये खारी ओल. मऊ धातू झिजतो, त्याची पूड फुगते आणि आटे आवळून धरते. किनाऱ्यावर ज्याच्या दारात जुनी गाडी आहे त्याला हे नवीन नाही.

स्क्रू कुठेही मिळेल, हे अंग मिळणार नाही, म्हणून जोर लावायची हिंमत होत नाही. तुम्ही कसे काढलेत? यशाचे सांगा, फसलेलेही सांगा.

राजापूर ते पुणे
फुली गोल झाली म्हणजे ड्रायव्हर चुकीचा होता. जपानी गाड्यांचे स्क्रू दिसतात साध्या स्टारसारखे, पण खाच वेगळी. आपला नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर टोकाला जास्त निमुळता, त्याच्या पाती खाचेच्या भिंतींना नीट भिडत नाहीत. जोर दिला की ड्रायव्हर वर चढतो आणि खाच खातो. काही स्क्रूंच्या माथ्यावर बारीक ठिपका असतो, तो दिसला तर जपानी खाचेचा समजा. ऑनलाइन जेआयएस म्हणून शोधा, दोन नंबरचा घ्या. मी पहिल्या आरएक्सचे तीन स्क्रू फुकट घालवले तेव्हा कळलं. चौथ्या स्क्रूला तरी फिलिप्स लावू नका आता, प्लीज.

दापोलीची सून
भात शिजतोय तोवर लिहिते. सासऱ्यांची बुलेट. कार्ब्युरेटर उतरवून पेट्रोल पूर्ण काढलं, दोन दिवस उन्हात उघडा ठेवला, वास गेल्यावरच पुढचं. जुन्या टोपात पाणी उकळलं आणि त्यात दहा मिनिटं सोडला. (तो टोप परत स्वयंपाकघरात आला नाही.) ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून अंग सैल होतं आणि स्क्रू मागे राहतो. फडक्यात धरून गरम असतानाच फिरवला, दोन निघाले. तिसऱ्याची खाच गेली होती. दिरांनी ड्रायव्हरच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची ग्राइंडिंग पेस्ट लावली, त्या खरखरीत कणांनी पकड मिळाली आणि तोही निघाला. सासरे बाजूला खुर्ची टाकून बसले होते, बोलत काहीच नव्हते. गाडी सुरू झाली तेव्हा उठून हँडलवर हात ठेवला. कुकर होतोय, येते.

पोफळीची बाग
ताई, तुमच्या सासऱ्यांचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्या अण्णांची यझदी होती. ते गेल्यावर सहा महिन्यांत विकली. स्क्रूबद्दल मला काही सांगता येत नाही. पण भाट्याचे दादा, गाडी विकू नका.

भाट्याची खाडी
नाही विकणार. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

धुरीवाडा
मालवणसून लिवतंय. होडयेच्या मशीनीक बाराय म्हयने खाऱ्या पाण्यातच रवाचा लागता, तेवा ह्यो त्रास आमका कायमचो. माझो बापूस कार्ब्युरेटर रातभर डिझेलात बुडवन ठेयी. सकाळी स्क्रूच्या माथ्यार बारक्या हातोडीन धा-बारा हलके टोले. टोल्यान आतलो खार फुटता आणि डिझेल आत शिरता. मगे सोडूच्या आदी वायच आवळूचो, आवळलो आणि 'कट्' असो आवाज इलो काय समजाचा सुटलो. आवाज नाय इलो तर परत डिझेलात. बापूस चार-चार दिवस थांबी. घाई करू नको रे भावा.

जयगड फेरी
गेल्या वर्षीचं सांगतो. एका गॅरेजला माझी सीडी १०० दिली. पोराने बॅटरीची गन लावून तिन्ही माथे उडवले, मग एका राहिलेल्या तुकड्यात भोक पाडून तुटका स्क्रू काढायचा उलट्या आट्याचा एक्स्ट्रॅक्टर ठोकला. तो आतच तुटला. एक्स्ट्रॅक्टर इतका कडक असतो की साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतं, आणि घसरून शेजारचा मऊ धातू खातं. मला फोन आला, "साहेब नवीन कार्ब्युरेटर बघा." ती गाडी मी पहिल्या पगारातून घेतलेली. शेवटी कोल्हापूरला उद्यमनगरात एकाकडे स्पार्कवर चालणारं मशीन सापडलं, त्याने ठिणग्यांनी तो तुकडा जाळून काढला. आटे शाबूत! एम४ म्हणजे ४ मिमीसारख्या बारीक स्क्रूत एक्स्ट्रॅक्टर घालू नका, कुणी कितीही सांगो.

गुहागर चौपाटी
कोल्हापूरला एसटीने नेलात का? वास येतो म्हणून कंडक्टर उतरवत नाही ना? माझा पण न्यायचाय.

जयगड फेरी
आधी कोरडा केला, धुतला, वर्तमानपत्रात बांधला. वास राहिला नाही तर कोण कशाला विचारेल. पेट्रोल आत असताना मात्र नेऊ नका, गाडीत लहान मुलं असतात.

गुहागर चौपाटी
बरं झालं सांगितलंत. आंबा घाटात धुकं किती आहे हल्ली?

लांज्याचा लेथवाला
वर सगळं बरोबर लिहिलंय, पण फुली पूर्ण गेली असेल तर काय ते कुणी सांगितलं नाही. ३१ वर्षं लेथवर आहे म्हणून सांगतो. माथा बाहेर उभा असेल तर आधी ग्रिप पकड आडवी लावून बघ. पकड बसत नसेल तर एक्सा ब्लेडने माथ्यावर खाच पाड आणि चपटा ड्रायव्हर लाव. तेही नाही झालं तर ४ मिमीचं ड्रिल घेऊन फक्त माथा उडव. घाबरू नकोस. स्क्रू ४ मिमीचा आहे, ड्रिल माथ्याच्या तळाशी पोचलं की माथा चकतीसारखा सुटून ड्रिलवर चढतो. तिथेच थांबायचं. मग वाटी खाली निघते आणि अंगातून स्क्रूची दांडी वर राहते, पकडीत धरण्याइतकी. माथ्याचा ताण गेला की बहुतेक वेळा ती दांडी हाताने फिरते.

इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीने ठोकला की फिरतो तो) वापरायचा तर खाली लाकूड आणि गोणपाट घे, हातोडी लहान. नुसत्या वाटीवर ठोकलंस तर स्क्रू बसतात ते वाटीचे कान तुटतील. आणि फ्लोट (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा भाग) आत असताना आच कधीच नको.

जोडताना ॲलन स्क्रू (षटकोनी खाचेचे) टाक, आट्यांना कॉपर ग्रीस लाव. स्टेनलेस आहे म्हणून ग्रीसशिवाय टाकलास तर आपल्या हवेत तोही धरेल.

राजापूर ते पुणे
काकांना दंडवत. माथा उडवायचं मला सुचलंच नसतं.

खडपावरचा
थोडं बाजूचं. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलात ओल लवकर धरते. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर मृगाआधी कॉक बंद करून वाटीचा ड्रेन स्क्रू सोडा, वाटी कोरडी करा. मी गेली पाच वर्षं करतोय, हिरवा चिकट थर आला नाही.

दापोलीची सून
हे सासऱ्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, ड्रेन स्क्रू पण दर महिन्याला एकदा हलवायला सांग, नाहीतर तोच धरेल.

भाट्याची खाडी
चौथा निघाला! रात्रभर डिझेल, सकाळी टोले, मग उकळतं पाणी. आवळताना खरंच 'कट्' झालं. धुरीवाड्याच्या भावाला आणि त्याच्या वडिलांना नमस्कार.

तिसरा नाही निघाला. ग्राइंडिंग पेस्टनेही नाही. ड्रिल लावायला हात धजत नाही. काका, माथा उडवताना समोर बसून बघायची इच्छा आहे.

लांज्याचा लेथवाला
रविवारी चिपळूणला जातोय. १० वाजता हातखंबा तिठ्यावर थांब, भावाच्या गॅरेजात करू. नवे चार स्क्रू माझ्याकडे आहेत.

भाट्याची खाडी
येतो काका. परात पण आणतो.