एचएचओ किट : ऑक्सिजन सेन्सरला फसवावं का?

गाडी २०१४ची पेट्रोल, १२०० सीसी, सीएनजी नाही. चार महिन्यांपूर्वी अ‍ॅव्हरेज वाढेल म्हणून घरीच एचएचओ किट (विजेने पाण्यातून हायड्रोजन-ऑक्सिजनचा गॅस काढून इंजिनात सोडणारं) बनवून बसवलं : ३१६एल स्टीलच्या प्लेट्स, डिस्टिल्ड पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड, १५ अँपिअर, मिनिटाला साधारण १ लिटर गॅस. बबलर आणि फ्लॅशबॅक अरेस्टर (इंजिनातली आग नळीतून गॅसकडे मागे येऊ न देणारे) आहेत. रिले फ्युएल पंपावर घेतलाय, इंजिन बंद की गॅस बंद.

सातारा-पुणे रस्त्यावर टाकी फुल ते टाकी फुल मोजलं, तीनदा किट चालू ठेवून, तीनदा बंद. टायरची हवा सारखी, एसी बंद. अ‍ॅव्हरेज १७.२ आणि १७.१, म्हणजे फरक नाहीच. हिशेबही तेच सांगतो : अल्टरनेटरचे २०० वॅट खर्च होतात, गॅसमधून निम्म्याच्या आसपास ऊर्जा मिळते, त्यातलीही बरीचशी इंजिनात उष्णता म्हणून जाते.

मेकॅनिक म्हणतो, ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणारा, त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं) वायरीत सर्किट टाकून मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी नि हवा जास्त, केल्याशिवाय फायदा दिसणार नाही. मला काळजी व्हॉल्व्ह आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग) आहे. गाडी अजून पाच-सहा वर्षं वापरायचीय.

असं सर्किट लावल्यावर गॅस बंद ठेवूनही कुणी अ‍ॅव्हरेज मोजलंय का? फायदा गॅसचा निघाला की नुसत्या लीन मिश्रणाचा?