दहावीचं इंग्रजी लिटरेचर: तुमच्या घरी अभ्यास कसा झाला?

गोधडी (ठाणे)

माझी लेक यंदा आयसीएसईची दहावी देते आहे. गणित, विज्ञान ती आपलं आपण बघते. घोडं अडलंय ते लिटरेचरच्या पेपरात. प्रिलिमला ८० पैकी ४१. पेपर घरी आला तेव्हा मी शांतपणे बसून वाचला. लिहिलंय भरपूर, पण विचारलं एक आणि उत्तर भलतंच. 'ज्युलियस सीझर' या शेक्सपिअरच्या नाटकातला ब्रूटस या क्षणी असं का म्हणतो, या प्रश्नाला तिने ब्रूटसचं अख्खं स्वभावचित्र लिहिलं होतं, गाइडमधलं जसंच्या तसं.

मी स्वतः मराठी माध्यमाची, नगर जिल्ह्यातल्या खेड्यात शिकलेली. शेक्सपिअर माझ्या वाट्याला कधी आलाच नाही. तिच्यासोबत बसायची मनापासून इच्छा आहे, पण सुरुवात कुठून करू ते कळत नाही. ज्यांनी हा पेपर दिलाय, शिकवलाय किंवा मुलांचा अभ्यास घेतलाय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. बोर्ड दुसरं असलं, देश दुसरा असला तरी चालेल.

पाऊलवाट (पुणे)

गोधडीताई, अठरा वर्षं घरी या विषयाच्या शिकवण्या घेते आहे. तुमच्या लेकीचं जे झालं ते दरवर्षी निम्म्या मुलांचं होतं, तेव्हा काळजी करू नका.

आधी वेळेचं बघू. पेपर दोन तासांचा, वर वाचायला १५ मिनिटं. १६ गुणांचे पाच प्रश्न, म्हणजे एकाला २४ मिनिटं. पहिला पर्यायांचा, तो लवकर उरकतो आणि उरलेली मिनिटं बाकीच्यांना मिळतात. उताऱ्याखाली पाच उपप्रश्न, चार तीन-तीन गुणांचे आणि शेवटचा चारचा. तीन गुणांना दीड पान लिहिणारी मुलं शेवटच्या प्रश्नाला पोचतच नाहीत.

आता खरा अभ्यास. 'ज्युलियस सीझर'च्या तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश मी मुलांना उभं राहून वाचायला लावते. एक ब्रूटस, म्हणजे सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक, दुसरा अँटनी, सीझरचा मित्र, बाकी सगळे सीझरच्या खुनानंतर जमलेली रोमची गर्दी. ब्रूटस गद्यात बोलतो, मुद्देसूद, आणि निघून जातो. अँटनी पद्यात बोलतो आणि ब्रूटसला पुन्हापुन्हा 'ऑनरेबल' म्हणत राहतो. पहिल्यांदा तो शब्द मुलं आदराने वाचतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी कोणाचा तरी आवाज आपोआप बदलतो. तो बदलला की मी थांबवते आणि विचारते, आत्ता तू असं का वाचलंस? त्या पोराने जे सांगितलं, तेच परीक्षेतलं उत्तर.

त्याच प्रवेशात अँटनी सीझरचं मृत्युपत्र दाखवतो आणि वाचणार नाही म्हणतो. मग खाली उतरून सीझरचा झगा दाखवतो, कॅशियसचा खंजीर इथून गेला, कॅस्काचा इथून, ब्रूटसचा इथून. गर्दी पेटून निघते, आणि अँटनीलाच त्यांना परत बोलवावं लागतं, की अरे, मृत्युपत्र विसरलात. एके वर्षी गर्दी झालेली सहा मुलं खरोखरच दारापर्यंत गेली होती. त्यातली एक मुलगी मागे वळून म्हणाली, "मिस, मीसुद्धा विसरले." जमाव कसा हलतो, हे मला त्या वर्षी वेगळं शिकवावं लागलं नाही. त्यानंतर मृत्युपत्रातले प्रत्येक नागरिकाला ७५ द्राख्मा (नाणी) आणि टायबर नदीकाठच्या बागा, हा तपशील कोणी चुकवला नाही.

गाइड ठेवा, पण शेवटच्या महिन्यात, उजळणीपुरतं.

कासारआळी (कोल्हापूर)

माझ्या थोरलीच्या वेळी सरोजिनी नायडूंची बांगड्या विकणाऱ्यांची कविता होती. तीन वयाच्या बायका आणि त्यांचे रंग, यात तिची सारखी गल्लत व्हायची. पाठ करायची, सकाळी विसरायची.

शेवटी तिला घेऊन कासाराच्या दुकानात गेले. कवितेतली कुमारिकेची बांगडी धुक्यासारखी निळी-रुपेरी, नवरीची पिकलेल्या शेतासारखी किंवा लग्नातल्या होमाच्या ज्वाळेसारखी, आणि अर्धं आयुष्य चालून आलेलीची जांभळी, सोनेरी ठिपक्यांची करडी. आम्ही एकेक रंग हुडकत बसलो. कासारकाकांनी करड्याच्या जवळ जाणारी एक काढून दिली आणि म्हणाले, ही तुमच्या आईच्या वयाची. पोरगी म्हणाली, पण आपल्याकडं तर नवरीचा चुडा हिरवा, मग कवितेत हिरवा कसा नाही? त्यावर आम्ही घरी येईपर्यंत बोलत होतो. कवयित्री हैदराबादेत वाढलेली, बंगाली घरची, तिच्या डोळ्यासमोरची नवरी वेगळी असणार, इतकंच मला सांगता आलं. पण ज्या कवितेला असा उलटा प्रश्न विचारला, ती विसरायची सोयच राहिली नाही.

रेडिंगकर (इंग्लंड)

इथे जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला, इंग्लिश लिटरेचर असतं. मुलाच्या शाळेत एक्यूए बोर्ड. पुस्तक परीक्षेत नेता येत नाही. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चा एक उतारा छापलेला असतो, पण उत्तर पूर्ण नाटकाला धरून लिहायचं. कवितांचं त्याहून अवघड. संचातल्या पंधरा कवितांपैकी एक छापून देतात आणि तिची तुलना दुसरीशी करायची, ती दुसरी पूर्ण डोक्यातून.

त्याने जिन्याच्या पायऱ्यांवर अवतरणं चिकटवली होती, चार-पाच शब्दांची. लांब ओळी परीक्षेत निसटतात, छोटी अवतरणं टिकतात, हे त्याच्या बाईंनी आधीच सांगितलं होतं. पाठांतर झालं, निबंध मात्र कोरडेच यायचे.

फरक पडला तो माझ्या आईमुळे. आई सांगलीला असते. शिरवाडकरांचं 'राजमुकुट' हे मॅकबेथवरून लिहिलेलं नाटक तिने कॉलेजात असताना वाचलं होतं. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तिने नातवाला राजाच्या खुनात सामील असलेल्या लेडी मॅकबेथबद्दल विचारलं, "ती बाई झोपेत हात का धुते रे?" आता याला ते मराठीत सांगणं भाग. त्याचं मराठी घरगुती, जेवायला ये, झोपलास का, एवढ्यापुरतं. शब्द शोधत शोधत तो म्हणाला, "आजी, आधी ती म्हणते थोडं पाणी टाकलं की झालं. मग शेवटी... सगळ्या अरबस्तानाचं अत्तर आणलं तरी वास जात नाही." आणि तिथेच थबकला. दुसऱ्या अंकातलं पाणी आणि पाचव्या अंकातलं अत्तर ही जोडी त्याला तोवर दिसलीच नव्हती, दोन्ही ओळी पाठ असूनसुद्धा. त्या जोडीवर त्याने पुढच्या आठवड्यात निबंध लिहिला, आणि तो पहिल्यांदाच त्याचा स्वतःचा वाटला. परीक्षेपर्यंत दर रविवारी आजीचा एक प्रश्न ठरलेला होता.

गोधडीताई, तुम्ही शेक्सपिअर वाचला नाहीत हेच तुमचं भांडवल समजा. लेकीला म्हणा, मला सांग.

तांबडी_माती (बार्शी)

आमचं एसएससी बोर्ड, मराठी माध्यम. कवितेचं रसग्रहण म्हणजे ठरलेला साचा, शीर्षक, कवी, यमक, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. मी सगळ्या कवितांना तेच चार विशेषणं लावत असे. एका सरांनी विशेषणं खोडली आणि म्हणाले, कवितेतला एक शब्द निवड आणि तो काढला तर काय बिघडेल ते लिही. मोडक्या इंग्रजीत लिहिलं. त्या दोन वाक्यांना त्यांनी खाली लाल रेघ मारून शाबासकी दिली होती. ती वही अजून आहे माझ्याकडे.

शांतवेळ (नाशिक)

मुलाला डिस्लेक्सिया आहे. पान समोर आलं की अक्षरं नाचतात. आम्ही प्रत्येक प्रवेश आधी ऐकला, पुस्तकावर बोट ठेवून. बोलणाऱ्या प्रत्येक पात्राला एक रंग दिला. उताऱ्यात कोण कोणाला बोलतंय, हा त्याचा सगळ्यात अवघड प्रश्न होता, तो रंगांनी सोपा केला. वेळ फार लागतो, आठवीपासून सुरू करावं.

गोधडी (ठाणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. रेडिंगकरांचं ऐकून काल सुरुवात केली. मी पोळ्या लाटत होते, ती ओट्यापाशी पुस्तक घेऊन उभी. सीझरच्या बायकोचं, कॅल्पर्नियाचं, स्वप्न सांगत होती. सीझरच्या पुतळ्यातून शंभर तोंडांच्या कारंज्यासारखं रक्त वाहतंय आणि हसरे रोमन त्यात हात धुतायत. मग कटातला डेसियस येतो आणि सीझरला म्हणतो, हे तर शुभ, तुझ्या रक्ताने रोमला नवा जीव येणार.

मी विचारलं, "आणि याला ते पटलं?"

"आई, त्याला मुकुटाचं आमिष दाखवलं ना. सिनेट आज मुकुट देणार आहे म्हणाला. आणि बायकोच्या स्वप्नाला घाबरून घरी बसला म्हणून लोक हसतील, असंही."

"मग हे लिही की."

तिने तिथेच, पिठाच्या डब्यावर वही ठेवून सहा ओळी लिहिल्या. गाइड दप्तरातच होतं.

आज तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. तिचे बाबा ब्रूटस, ती अँटनी, आणि गर्दीला मी आणि शेजारच्या काकू.